आईच्या पायाची वाकडी बोटं

पायाचं बोट मोडलं म्हणून कुणी रजा घेत नाही. हात मोडला तर गळ्यात झोळी येते, पाय मोडला तर प्लास्टर येतं, भेटायला माणसं येतात, येताना मोसंबी आणतात. पायाच्या बोटाला यातलं काही मिळत नाही. ‘ठेच लागली’ म्हणतात आणि विषय संपतो. माझ्या आईच्या पायांची चार बोटं पाच वर्षांत मोडली आणि चारही वाकडी सांधली गेली. पहिल्या दोन वेळा हे मोडणं आहे हेच आमच्या घरात कुणाला कळलं नव्हतं. तिसऱ्या वेळी कळलं. चौथ्या वेळी तर असं काही होणार हे मला माहीत होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही बंगळूरचेच. कोणत्या पिढीत आणि कुणाच्या फौजेबरोबर आमचे लोक इकडे आले हे सांगणारे घरात पुष्कळ होते, आणि प्रत्येकाची हकीकत वेगळी होती. चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत आमचं घर. वडील, म्हणजे आमचे अण्णा, जवळच्याच एका घाऊक साड्यांच्या दुकानात गादीवर बसायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ इतकी की पुण्याहून आलेले पाहुणे आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायचे. समाज लहान. मुलगी लग्नाची झाली की बंगळूर, म्हैसूर, तुमकूर मिळून तीस-चाळीस घरं डोळ्यांपुढे यायची, आणि त्यातली निम्मी नात्यातली निघायची. एवढ्याशा समाजात कुणाकडे काय चाललंय हे सगळ्यांना लगेच कळायचं. त्यामुळे जो तो आपल्या घरातलं दुखणं झाकून ठेवायचा.

आईला दमा होता. बंगळूरच्या हवेचं सगळे कौतुक करतात. नोकरीतून मोकळे झालेले लोक तेव्हा खास हवेसाठी इथे येऊन राहायचे. आईला ती हवा कधीच मानवली नाही. थंडीत आणि झाडं फुलण्याच्या दिवसांत तिचा श्वास अडकायचा. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून, खांदे वर ओढून ती उभी राहायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही हे मी लहानपणीच शिकले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला श्वासातून औषध घ्यायचा पंप दिला, कसा ओढायचा ते दोनदा करून दाखवलं, आणि आता हा रोज घ्यायचा असं बजावलं.

पंप घरात जेमतेम महिनाभर उघडा राहिला. एके दिवशी आईने तो आत्यासमोर घेतला. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ती दोन घरं सोडून राहायची आणि समाजातल्या निम्म्या सोयरिकी तिच्या हातून ठरायच्या. कुणाची मुलगी कुठे द्यायची, कुणाच्या मुलात काय खोट आहे, हे तिला तोंडपाठ असायचं. तिने पंप बघितला. कॉफी संपवली, पेला खाली ठेवला आणि मग आईला म्हणाली, “हे कपाटात ठेव. पोरीचं लग्न होईपर्यंत बाहेर काढू नको.”

तिचं म्हणणं असं की पंप ही दम्याची शेवटची पायरी असते, एकदा लागला की सुटत नाही, आणि दमा आईकडून मुलीकडे जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बघायला आलेल्यांसमोर मुलीच्या आईला धाप लागली आणि तिने तोंडाला पंप लावला, की तो कार्यक्रम तिथेच आटोपला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नुकतीच एका मुलींच्या शाळेत नोकरीला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मी हसले. आत्याची नक्कल करून अण्णांनाही हसवलं. पण पंप कपाटात रेशमी साड्यांच्या खाली गेला तेव्हा तो बाहेर काढून आईच्या हातात द्यावा, असं मला सुचलं नाही.

पंपाच्या जागी गोळ्या आल्या. मागे एकदा दमा फार वाढला होता तेव्हा डॉक्टरांनी सात दिवसांसाठी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी आई जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. तीच चिठ्ठी तिने जपून ठेवली होती. ती दाखवून गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण औषधाचं दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. पहिले काही महिने दुकानदाराने चिठ्ठी बघितली. मग ती घड्यांवर फाटली आणि त्याने बघायचं सोडलं. पुढे पुढे मला रस्ता ओलांडताना पाहूनच तो पाकीट काढून ठेवायचा. गोळी एवढीशी, कुंकवाच्या डबीत मावेल अशी. पाहुण्यांसमोर पाण्याच्या घोटाबरोबर घेतली तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

गोळ्यांनी आईचा चेहरा गोल झाला. गाल भरले, हनुवटीखाली मांस आलं. देवळात भेटणाऱ्या बायका तिला म्हणायच्या, तब्येत छान झाली हो, मुलगी कमावती झाली ना. आई नुसती हसायची. मलाही ते खरंच वाटायचं. मी पगारातून दूध वाढवलं होतं, आणि आईच्या गालांचं श्रेय मनातल्या मनात त्या दुधाला देऊन टाकलं होतं.

पहिलं बोट मोडलं ते मला बघायला येणार होते त्या सकाळी. तो माझा दुसरा की तिसरा ‘कार्यक्रम’ होता, आता नक्की आठवत नाही. आई पडदे बदलत होती आणि वळताना तिचा उजवा पाय लोखंडी कॉटच्या पायाला लागला. फार जोरात नाही. घरात दिवसातून चारदा कुणाचा ना कुणाचा पाय त्या कॉटला लागायचा. ती ‘अगं आई’ म्हणून जरा खाली बसली, मग उठून उप्पिट करायला गेली. पाहुणे आले, बसले, त्यांनी खाल्लं, मला माझं शिक्षण विचारलं आणि दोन तासांनी गेले. तेवढा सगळा वेळ आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आग्रह करत होती. ते गेल्यावर तिने साडीचा काठ वर केला तेव्हा जोडव्याच्या शेजारचं मधलं बोट जांभळं झालेलं होतं, वांग्यासारखं सुजलेलं. तिने हळद-चुन्याचा लेप लावला आणि अण्णांच्या दुकानातून आलेल्या साडीच्या एका काठाच्या पट्टीने ते बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखा सगळा स्वयंपाक उभ्याने केला.

पाहुण्यांचा नकार आत्यामार्फत आठ दिवसांनी आला. सूज उतरायला महिना लागला. उतरली तेव्हा बोट जागेवर राहिलं नव्हतं. ते शेजारच्या बोटावर चढून बसलं होतं आणि जोडव्यावर घासत होतं. अण्णा थट्टेने म्हणाले, बोटाला शेजारीण फार आवडलेली दिसते. आई हसली, मीही हसले. ते बोट आतून मोडलं होतं आणि जसं पडलं तसंच सांधलं गेलं होतं, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरांकडे जावं असं मी एकदा म्हटलं असेन. पण त्या डॉक्टरांकडे गेलं की ते पंपाबद्दल विचारणार, हे आईला ठाऊक होतं.

दुसरं बोट दीड वर्षाने, डाव्या पायाचं. इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरला ते लागलं. ग्राइंडर वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात होता. मी शाळेतून दमून आले होते, वह्यांचा गठ्ठा तपासायचा होता, आणि आई पुन्हा पाय धरून बसलेली. मी तिला म्हटलं, “जरा खाली बघून चालत जा की. घरात काय जत्रा भरलीय?” हे वाक्य मला माझ्या स्वतःच्या आवाजात अजून ऐकू येतं. मी विद्यार्थिनींनाही इतक्या तुसडेपणाने बोलत नव्हते.

तेही बोट वाकडं बसलं. आता आईला चपला होईनात. एका चपलेचा पट्टा तिने कात्रीने कापला, घरात अण्णांच्या जुन्या सैल चपला घालायला लागली, आणि पाय किंचित बाहेर टाकून चालू लागली. भाजी आणायला जाताना अर्ध्या वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसायची. विचारलं तर म्हणायची, वय झालं. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती.

मधल्या काळात माझ्यासाठी सात घरं येऊन गेली. कुणाला मी उंच वाटले, कुणाला नोकरी करणारी नको होती, कुणी नुसतंच ‘कळवतो’ म्हणून गेले. प्रत्येक नकारानंतर आई स्वतःलाच तपासायची. त्या दिवशी मला खोकला आला होता का गं, त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं होतं का, असं विचारायची. मी चिडायचे. सत्ताविसावं लागलं तेव्हा मी जाहीर केलं की मला लग्नच करायचं नाही. ते खरं नव्हतं. मला लग्न करायचं होतं, आणि रोज घरी येऊन तोच कोपरा, तोच ग्राइंडर आणि आईचा तो काळजीचा चेहरा बघायचा मला कंटाळा आला होता.

आठवं घर म्हैसूरचं. मुलगा बंगळूरलाच व्हाइटफील्डच्या बाजूला एका कंपनीत होता. तेव्हा ते गावाबाहेर, दोन बस बदलून जायचं ठिकाण. तो त्याच्या आईबरोबर आला. त्याने मला शिक्षण विचारलं नाही, गाता येतं का विचारलं नाही. उप्पिट खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाला आणि मग आणखी मागून घेतलं. जाताना चपला घालता घालता माझ्याकडे बघून म्हणाला की तुमच्या हाताखालच्या मुली तुम्हाला फार घाबरत असतील. मी म्हटलं, घाबरायलाच हवं. तो खूप वेळ हसत राहिला. आठ दिवसांनी होकार आला आणि तीन महिन्यांनंतरचा मुहूर्त ठरला. मी कुणाला दाखवलं नाही, पण शाळेच्या बसमध्ये मी एकटीच हसत असायचे.

त्यानंतरच्या पंधरवड्यात तिसरं बोट मोडलं. या वेळी आईचा पाय कशालाही लागला नाही. वरच्या फळीवरचा लाडूंचा डबा काढायला तिने टाचा उचलल्या, इतकंच. मी तिच्या मागेच उभी होते. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज मी ऐकला. तिने डबा सोडला नाही. तो नीट ओट्यावर ठेवला आणि मग ती भिंतीला धरून खाली बसली. नुसतं चवड्यावर उभं राहून माणसाचं हाड मोडतं, हे पाहून मी घाबरले. आत्याला न सांगता मी रिक्षा आणली आणि आईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले.

डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. त्यांनी दोन्ही पायांचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. इथे ताजं मोडलंय. इथे जुनं, इथे आणखी जुनं. जुनी दोन्ही टोकं एकमेकांसमोर नव्हती. एक टोक दुसऱ्याच्या कुशीला चिकटून जुळलं होतं. वेळेवर सरळ करून बांधलं असतं तर सरळ राहिलं असतं, ते म्हणाले. आता सरळ करायचं तर पुन्हा मोडावं लागेल, आणि या हाडांना ते सोसणार नाही. हाडांचा रंगच त्यांना नको तसा फिका दिसत होता. जुनं सुती लुगडं घडीत धड दिसतं आणि उजेडाला धरलं की विरलेलं कळतं, तशी ती हाडं त्या काचेवर दिसत होती. मग त्यांनी विचारलं की कुठलं औषध चालू आहे. मी पर्स उघडली आणि कालच घेतलेलं गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी किती दिवस घेताय विचारलं. आई म्हणाली, पाच वर्षं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ही स्टिरॉइडची गोळी आहे, हिने हाड आतून पोकळ होतं, चेहराही हिनेच सुजलाय, ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं की पाच वर्षं ही गोळी यांना कोण आणून देत होतं. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, “मीच आणते. हिला काही ठाऊक नाही.”

मी गप्प बसले. पाकीट माझ्या पर्समधून निघालं होतं हे डॉक्टरांनी पाहिलं होतं, तरी मी गप्प बसले.

त्यांनी पुढचं सगळं समजावून सांगितलं. गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, आणि आजपासून रोज पंप घ्यायचा. आईने विचारलं की हे तीन महिन्यांनी सुरू केलं तर चालेल का, घरात मुलीचं लग्न आहे. लग्नाचा आणि पंपाचा काय संबंध, हे त्यांना कळेना. त्यांचा आवाज चढला. आज बोट मोडलंय, उद्या कंबरेचं हाड मोडेल, मग लग्नात उभं राहणं सोडाच, अंथरुणातून उठणंही होणार नाही. आई ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणत राहिली, आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी तिने चारपदरी घडी करून कमरेला खोचली.

बाहेर व्हरांड्यात एका बाकावर आम्ही बसलो. मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलेलं होतं. आई म्हणाली, “पाच वर्षं झाकलं. आता तीन महिन्यांसाठी उघडं करायचं का गं?”

तो खरोखरचा प्रश्न होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी जे म्हणेन ते ती ऐकणार होती. तिचा हट्ट होता असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं, पण तो हट्ट नव्हता. मी ‘आजच पंप सुरू कर, बाकीचं बघून घेऊ’ म्हटलं असतं तर तिने त्याच बाकावर बसून पंप घेतला असता. माझ्या डोळ्यांसमोर तो चपला घालता घालता हसणारा माणूस होता. त्याच्या आईच्या कानावर गेलं तर काय होईल, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हटलं, “नको. तीनच महिने तर आहेत.” आणि घरी जाताना रिक्षा औषधाच्या दुकानापाशी थांबवून मी आणखी एक पाकीट घेतलं. दुकानदाराने लग्नाचं आमंत्रण कधी देणार असं हसून विचारलं. मीही हसून उत्तर दिलं.

ते तीन महिने मी आईच्या पायांकडे बघत काढले. फरशीवर थेंबभर पाणी सांडलं तरी पुसायचे. ग्राइंडर बाल्कनीत नेऊन ठेवला. वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली आणले. तिच्यासाठी दूध, नाचणी, जे कुणी सांगेल ते केलं. ती कुठे वळली की मी हात पुढे करायचे. तिला त्याची गंमत वाटायची. मी काय काचेची आहे का, म्हणायची. अण्णांना आम्ही फक्त ‘बोट मुरगळलंय’ एवढंच सांगितलं होतं. मी सगळं करत होते, पण मुख्य गोष्ट करत नव्हते. देवापुढे उभी राहून मी एवढंच मागायचे की कंबर तेवढी सांभाळ. बोटांचं काही मागितलं नाही. बोटं मी मनातून केव्हाच सोडून दिली होती.

लग्नात वरमाईचे पाय धुवायची रीत आहे. मुलाची आई पाटावर बसते, मुलीची आई खाली बसून तिचे पाय धुते, पुसते, हळदकुंकू लावते. एका बाईने दुसऱ्या बाईचे पाय धुवायचे, आणि का, तर तिने मुलगा जन्माला घातला म्हणून. मला ही रीत आधीही आवडत नव्हती. मी अण्णांना म्हटलं की काकूला बसू दे आईच्या जागी. आत्याने ऐकलं नाही. आई धडधाकट असताना काकू कशाला, लोक विचारतील ना काय झालंय म्हणून, असं तिचं म्हणणं. होणाऱ्या सासूबाईही म्हणाल्या की मला नकोच आहे हे. पण आत्यापुढे कुणाचं चालतं.

आई जरीच्या साडीत उकिडवी बसली, सगळा भार दोन्ही चवड्यांवर. मुंडावळ्या बांधून मी दहा हातांवर बसले होते. वाजंत्री वाजत होती, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण तिच्या हातातला तांब्या मध्येच थांबला आणि तिच्या कपाळावर घाम आला, ते मी पाहिलं. तिने पाय धुतले. नीट पुसले. दोन्ही पायांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली, एकही रेघ न हलता. मग उठायची वेळ आली आणि तिला उठता येईना. सासूबाईंनी पाटावरून वाकून तिला दोन्ही दंडांना धरलं आणि उभं केलं. उभं करताना त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. आता कळलं, सगळं कळलं, असं मला वाटलं. आईचं बोट मोडलंय याच्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. तशी वाटली, ते लिहून ठेवते.

संध्याकाळी मला निरोप देईपर्यंत आई त्याच पायावर उभी होती.

लग्नानंतर आम्ही काही दिवस म्हैसूरला राहिलो. अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस होते. एका दुपारी सासूबाई आणि मी ओसरीवर शेंगा सोलत बसलो होतो. त्यांनी विचारलं की तुझ्या आईच्या पायाचं काय केलंत, दाखवलंत का कुणाला. मी ठरवून ठेवलेलं उत्तर दिलं, की पूर्वी एकदा पडली होती. त्या सोलता सोलताच म्हणाल्या, “त्या गोळ्यांनी होतं असं. त्यांना पंप घ्यायला सांग. दमा आहे, त्या गोळ्या घेतात, हे आम्ही बघायला यायच्या आधीच ठाऊक होतं आम्हाला. चौकशी केली तेव्हा तुमच्या गल्लीतल्यांनीच सांगितलं. दमा काय, कुणाच्याही घरात असतो.”

त्या पुढे शेंगांबद्दल काहीतरी बोलल्या. या खेपेला दाणा भरलेला नाही, असं काहीतरी. माझी बोटं चालत राहिली. मला आधी त्यांचा राग आला, की आधी का नाही बोललात. मग आत्याचा आला. मग तो फिरून माझ्यावर आला आणि तिथेच राहिला. व्हरांड्यातल्या त्या बाकावर आई माझ्याकडे बघत होती तेव्हा हे सगळं म्हैसूरला आधीच माहीत होतं. माझ्या क्षणभराच्या धाडसाने काम झालं असतं. एक शब्द पुरला असता.

संक्रांतीला मी माहेरी गेले. बसमध्ये तीन तास मी एकच वाक्य घोकत होते, की आई, त्यांना माहीत होतं. घरी पोचले तर आई कॉटवर पाय लांब करून बसली होती. गोळ्या कमी करायला डॉक्टरांनी सुरुवात केली होती, गाल उतरले होते, आणि पंप खिडकीत उघडा होता. चौथं बोटही वाकडं बसलं होतं. शेजारच्या बायका तीळगूळ घेऊन आल्या तेव्हा तिने त्यांच्यादेखत पंप घेतला. लग्न झालं, आता कुणाला भ्यायचं, म्हणाली. इतकी मोकळी मी तिला माझ्या आठवणीत पाहिली नव्हती. सगळ्या गेल्यावर तिने मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, “तुझ्या सासूला काही कळलं नाही ना गं?”

तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा आनंद होता. मी म्हटलं, “नाही. काही कळलं नाही.”

मी दया केली असं तेव्हा मला वाटलं. सासूबाईंनाही मी, तुम्हाला ठाऊक होतं हे आईला बोलू नका, असं सांगून ठेवलं, आणि त्यांनी शेवटपर्यंत ते पाळलं. त्या माझ्याबरोबर माहेरी आल्या की बोलता बोलता आईला धाप लागायची. मग ती ‘कॉफी बघून येते’ म्हणून उठायची, भिंतीला धरत, त्या चार बोटांवर जपून पाय टाकत आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून पंप घ्यायची. सासूबाई तेवढा वेळ माझ्याशी मोठ्याने बोलत राहायच्या, आतला आवाज आम्हाला ऐकू येत नाही असं तिला वाटावं म्हणून. कॉटपासून त्या दारापर्यंत अकरा पावलं होती. मी खरं सांगितलं असतं तर आईला ती चालावी लागली नसती.